पाडव्यापासून वाचलेली आठ पुस्तके आणि अर्धवट राहिलेले नववे

सायंवाचक यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार.

गेल्या गुढीपाडव्याला मी आमच्या गावच्या ग्रंथालयाची वर्गणी पुन्हा सुरू केली. मध्ये जवळजवळ पंधरा वर्षे वाचन सुटले होते. लेखापरीक्षणाच्या नोकरीतले दौरे, मुलांच्या परीक्षा आणि शेवटची चार वर्षे सासूबाईंचे अंथरुणाला खिळलेले आजारपण यांत पुस्तक हाती घेतले तरी दुसऱ्या पानावर डोळे मिटत. आता रात्री साडेनऊनंतरचा दीड तास माझा आहे. पाडव्यापासून दिवाळीपर्यंत पाच कादंबऱ्या आणि लेखांची तीन पुस्तके वाचून झाली. एक कादंबरी अर्धवट राहिली. मी साहित्याची अभ्यासक नाही. जे वाटले ते लिहिते आहे. माझे कुठे चुकत असेल तर अवश्य सांगावे, मात्र 'मोठ्या लेखकाविषयी असे लिहू नये' एवढेच कारण देऊ नये अशी विनंती आहे.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) शाळकरी वयात वाचली होती आणि ती एका तरुण मास्तराची गोष्ट म्हणून लक्षात होती. या वेळी जाणवले की मास्तर स्वतः फारसे काही करतच नाही; तो पाहतो, आणि त्याच्या पाहण्यातून माणदेशातले ते धनगरांचे गाव आपल्यापुढे उभे राहते. शेकूचा एक बैल जातो तेव्हा त्याची बायको उरलेल्या बैलाच्या जोडीला आपला खांदा जुवाखाली देते. एवढा मोठा प्रसंग, पण लेखकाने तिथे एकही उसासा टाकलेला नाही आणि वाचकाला रडायलाही सांगितलेले नाही. शेवटी दुष्काळाने गाव उठते तेव्हाही त्याची लेखणी तशीच शांत राहते. या वर्षीच्या वाचनात मला सर्वांत निर्दोष वाटलेली कादंबरी हीच.

उद्धव शेळके यांच्या 'धग'ने (१९६०) मला सर्वांत जास्त त्रास दिला. पहिली तीसेक पाने वऱ्हाडी संवादांशी झटापट करण्यात गेली, कारण मी कोकणातली आणि ती बोली माझ्या कानावरून कधी गेलेलीच नव्हती. पुढे तिची नायिका कौतिक मात्र मनातून हलेना. तरीही एक तक्रार आहे. अमुक एका टप्प्यानंतर संकटामागून संकट येत राहते, वाचकाला श्वास घ्यायला जागा उरत नाही, आणि लेखक एकाच खिळ्यावर हातोडा मारत आहे असे वाटू लागते. ही तक्रार योग्य आहे का, की मला दुःख सोसत नाही म्हणून मी ती करते, हे मला ठरवता आलेले नाही.

विश्राम बेडेकरांचे 'रणांगण' दोन रात्रींत संपले. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, आणि त्यांतली हॅर्टा नावाची तरुणी. ही कादंबरी १९३९ साली, म्हणजे महायुद्धाला तोंड फुटले त्याच वर्षी, मराठीत प्रसिद्ध झाली याचे नवल अजून ओसरलेले नाही. मात्र हॅर्टाला आपण फार करून नायक चक्रधरच्याच नजरेतून पाहतो, आणि त्याची नजर स्त्रियांच्या बाबतीत आधीच कडवट झालेली आहे. मला तिच्याजवळ बसून तिच्याशी बोलायचे होते. तो मध्येच उभा राहिला.

कृष्णात खोत यांचे 'रिंगाण' साहित्य अकादमीचा २०२३ चा पुरस्कार मिळाल्यामुळे मागितले. धरणाने उठवलेल्या गावात मागे राहिलेल्या म्हशीला आणायला निघालेला देवाप्पा, एवढ्याशा सूत्रावर सगळी कादंबरी तोललेली आहे. विस्थापन माणसांचेच होते असे नाही, हे मला त्याआधी सुचले नव्हते.

भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'विषयी भीतभीतच लिहिते. पुण्यातले वसतिगृह, खाणावळ, गॅदरिंग, निवडणुका हा सगळा भाग वाचताना मी किती पाने उरली हे मोजत होते. त्यातले 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' पहिल्यांदा गमतीचे वाटले, पन्नासाव्यांदा नाही. आणि मग नायकाची बहीण मनू जाते. त्या पानांवर मी पुस्तक मिटले आणि दिवा न मालवता कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. आज कादंबरीतली मनूच तेवढी आठवते; बाकीचे धूसर झाले आहे.

आता लेख. इरावती कर्वे यांचे 'परिपूर्ती' (१९४९) आणि 'युगान्त' (१९६७) मी पाठोपाठ वाचले. 'युगान्त'मधील खांडववन जाळण्याविषयीचे लेखन वाचून मी थक्क झाले. लहानपणापासून तो अर्जुनाचा पराक्रम म्हणून ऐकलेला. त्या वनात राहणाऱ्यांचे काय झाले असेल, हे विचारणारे आमच्या घरी कोणी नव्हते. 'परिपूर्ती'मध्ये पंढरीच्या वारीवरचा 'वाटचाल' हा लेख मला सर्वांत आवडला. एकाच दिंडीत चालणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला मात्र वेगवेगळे बसतात, आणि ही लेखिका दोन्हींकडे जाते. जाता जाता ज्या प्रदेशातले लोक पंढरीला येतात तो महाराष्ट्र, अशी व्याख्या तिला सुचते. मात्र ज्या लेखावरून पुस्तकाचे नाव पडले, त्याच्याशी माझे भांडण आहे. समारंभात त्यांची ओळख अमक्यांची मुलगी, अमक्यांची सून, अमक्यांची पत्नी अशी करून दिली जाते. काहीतरी अपुरे राहिले असे वाटत त्या परत निघतात, आणि रस्त्यातला एक मुलगा दुसऱ्याला सांगतो की ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई. तिथे ओळख पुरी होते. पहिल्या वाचनात मी हसले. दुसऱ्या वाचनात मनात आले की एवढी विदुषी, आणि तिची परिपूर्तीसुद्धा कोणाची तरी कोणी होण्यातच का असावी?

दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) मला पेलले नाही. चैत्र आणि वैशाख हरखून वाचले, आषाढापर्यंत रेटले, आणि पुढे फुलांची, ढगांची, रंगांची इतकी दाटी झाली की कोणता महिना चालू आहे हेही कळेनासे झाले. एका आठवड्यात बाराही महिने संपवले आणि हाती फार थोडे उरले.

अर्धवट राहिली ती नेमाडे यांची 'हिंदू' (२०१०). सहाशेच्या आसपास पानांपैकी दोनशे वाचली आणि परत केली.

माझा प्रश्न असा आहे. या आठ महिन्यांत लेखांनी मला विचार करायला लावले, ते मी स्वयंपाक करताना, बसमध्ये बसल्यावर आठवत राहिले. कादंबऱ्यांतून मात्र, विशेषतः मोठ्या कादंबऱ्यांतून, एखादा प्रसंग तेवढा उरला. हा माझ्या वाचनाचा दोष आहे का? लांबलचक कादंबरी वाचण्याची सवय मोडते आणि परत लावावी लागते, असे काही असते का? आणि 'हिंदू' पुन्हा घ्यावी की सोडून द्यावी?

वऱ्हाडपांढरी यांचे उत्तर

ताई, मी अमरावती जिल्ह्यातला, शेळके यांच्याच मुलखातला, त्यामुळे 'धग'विषयी राहवत नाही.

ती कादंबरी डोळ्यांनी वाचायची नाही, तोंडाने वाचायची. वऱ्हाडीची खूणगाठ दोन-चार शब्दांत बसते. तुमच्या 'ला'चा आमच्याकडे 'ले' होतो, म्हणून मले, तुले, कायले. 'का' विचारायचे तर 'काहून'. आणि काम चालू असेल तर 'करून राह्यला'. एवढे ध्यानात ठेवून पहिला भाग मोठ्याने वाचा. शक्य असल्यास एखाद्या वऱ्हाडी माणसाकडून वाचून घ्या. छापलेल्या अक्षरांत आमची बोली भांडखोर दिसते, पण ती तशी नाही.

तुमच्या तक्रारीवर मी दोन दिवस विचार केला. संकटे एकामागून एक येतात हे खरे आहे, परंतु कौतिक ती केवळ सोसत बसलेली नाही. गाव सोडायचे, मुलाला शिकवायचे, नवरा हातपाय हलवत नाही म्हणून स्वतः मजुरीला जायचे, यांतला प्रत्येक निर्णय तिचा आहे आणि तो त्या घडीला शहाणपणाचा आहे. तिचा नवरा महादेव शिंपी आहे. घरात कपडे शिवण्याचा धंदा आहे. म्हणजे रानात राबणे हे तिच्या घरच्यांच्या दृष्टीने खाली उतरणे आहे, आणि ते ती स्वतःहून पत्करते. इतके शहाणपण खर्च करूनही घर सावरत नाही, हे पाहणे आपल्याला जड जाते. हातोडा तोच असेल, पण खिळा दर वेळी नवा आहे असे मला वाटते.

माझी आजी कापसाच्या वेचणीला जात असे. पोटाशी ओटी बांधलेली, दिवसभर बोंडांच्या टोकदार पाकळ्यांनी नखांच्या मुळाशी कातडी सोललेली, आणि संध्याकाळी मालकाच्या अंगणात काट्यावर कापूस मोजला जात असताना ती काट्याकडे न बघता मोजणाऱ्याच्या हाताकडे बघायची. तिला अक्षर वाचता येत नव्हते. 'धग' मी तिला वाचून दाखवली तेव्हा ती रडली नाही. कौतिकने अमुक ठिकाणी अमुक करायला नको होते, असे ती मध्येच मला थांबवून सांगत होती, जणू शेजारच्या घरातल्या सुनेविषयी बोलत असावी. वाचकाला श्वास घ्यायला जागा नाही असे तुम्ही म्हणता. आजीला ती जागा कौतिकशी वाद घालण्यात मिळाली.

देवघेव खिडकी यांचे उत्तर

मी एका तालुक्याच्या गावातील शासनमान्य 'ब' वर्ग ग्रंथालयात तेवीस वर्षे ग्रंथपाल आहे. माझे मत देवघेवीच्या खिडकीतून बनलेले आहे, ते तसेच समजून घ्यावे.

आमच्याकडील 'कोसला'ची प्रत दोनदा बांधणीला गेलेली आहे. दुसऱ्या वेळी ती परत आली तेव्हा मी तिच्या पानांच्या कडा बाजूने धरून पाहिल्या. सुरुवातीची साठ-सत्तर पाने बोटांनी काळवंडलेली, त्यानंतर बराच जाड भाग बराचसा स्वच्छ, आणि पुढे मनूच्या मृत्यूपाशी पुन्हा एक काळा पट्टा. म्हणजे अर्ध्या वाटेतून परत फिरणारे वाचक पुष्कळ आहेत, आणि जे पुढे गेले ते त्या पानांवर थांबलेले आहेत, किंवा पुन्हा पुन्हा तिथे आलेले आहेत. तेव्हा सायंवाचक, तुमचा अनुभव एकट्याचा नाही. तो आमच्या प्रतीच्या कडेवर उमटलेला आहे.

तरीही मी तुमच्याशी पूर्ण सहमत नाही. मनूचे प्रकरण तेवढे सुटे काढून कोणाला वाचायला दिले तर ते चांगलेच वाटेल, पण दिवा न मालवता बसण्याची वेळ येणार नाही. शेकडो पाने हा मुलगा कशालाच महत्त्व देत नाही. पैसे, अभ्यास, मैत्री, वडिलांचा राग, सगळे तो एकाच सुरात सांगतो आणि आपण कंटाळतो. त्याच मुलावर हे कोसळते आणि त्या सुरात ते सांगता येत नाही. त्यानंतर तो अजिंठ्याला जातो, ती पाने तुम्ही सलग वाचली की मनूच्या धक्क्यात वरवर चाळली, हे मला विचारावेसे वाटते. माझ्या मते कादंबरीचे मर्म तिथे आहे. नेमाडे यांचा जन्म १९३८ चा आणि कादंबरी १९६३ ची. पंचविशीतल्या लेखकाने वाचकाला इतका वेळ कंटाळू देण्याचे धैर्य दाखवावे, याचा मला अजूनही आदर वाटतो.

'हिंदू'विषयी एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. आमची मुदत पंधरा दिवसांची आहे, बहुतेक ठिकाणी तशीच असते. सहाशे पाने पंधरा दिवसांत संपवायची तर दिवसाला चाळीस पाने झाली पाहिजेत, आणि दिवसभर आकडे तपासून आलेल्या माणसाने रात्री पुन्हा पानांचा हिशेब करत वाचणे हा त्या पुस्तकावरही अन्याय आहे आणि त्या माणसावरही. बहुतेक ग्रंथालयांत, दुसऱ्या वर्गणीदाराची मागणी नसेल तर, मुदत वाढवून मिळते. मागायला संकोचू नये. आणि मन लागत नसेल तर खुशाल परत करावी. आमच्या नोंदवहीत एकच पुस्तक त्याच वर्गणीदाराने आठ वर्षांनी पुन्हा नेल्याच्या नोंदी आहेत, आणि दुसऱ्या वेळी तो ते संपवूनच परत आलेला आहे.

केळीचा घड यांचे उत्तर

ग्रंथपाल महोदयांचा मान राखून सांगतो, 'खुशाल परत करावी' हे मला पटले नाही.

आम्ही जळगाव जिल्ह्यातले. 'हिंदू'मधला खंडेराव उत्खननाचे काम सोडून वडिलांच्या अखेरच्या आजारपणात गावी परततो आणि तिथून सगळे उलगडत जाते. शहरातल्या मित्रांना त्यात विषयांतर फार वाटते. आमच्याकडे रात्रीच्या जेवणानंतर म्हातारी माणसे ओट्यावर बसत तेव्हा बोलणे एखाद्या बैलाच्या किमतीवरून सुरू होई, तो बैल विकणाऱ्याच्या आजोबांवर जाई, तिथून कुठल्या तरी भाऊबंदकीवर, आणि मध्यरात्री ते बरोबर त्याच बैलापाशी परत येई. लहानपणी मी त्यात झोपून जात असे आणि जाग आल्यावर पुन्हा ऐकू लागे. काही चुकले असे कधी वाटले नाही. 'हिंदू' मी तशीच वाचली. एखाद्या उपकथेत गुंतायला झाले नाही तर पुढे गेलो. तुम्ही दोनशे पानांपर्यंत पोचला आहात, म्हणजे ओट्यावर येऊन बसला आहात. तिथून उठू नये असे मनापासून वाटते.

एल्बेकाठ यांचे उत्तर

मी अकरा वर्षांपासून हॅम्बुर्गमध्ये राहते आणि 'रणांगण' इथे आल्यावर वाचले, म्हणून थोडे लिहिते.

माझ्या घरापासून रेल्वेस्थानकापर्यंतच्या पदपथात तळहाताएवढे सात पितळी चौकोन बसवलेले आहेत. जर्मनमध्ये त्यांना श्टोल्परश्टाइन म्हणतात, म्हणजे ठेच लागणारे दगड. गुंटर डेमनिग या कलावंताने १९९० च्या दशकात ते बसवायला सुरुवात केली. प्रत्येकावर 'येथे राहत होते' असे लिहून नाव, जन्मसाल, आणि त्या माणसाला कधी आणि कुठे नेले ते कोरलेले असते. मी रोज त्यांच्या बाजूने जात होते, पण 'रणांगण' वाचून झाल्यावर पहिल्यांदा वाकून एक नाव पूर्ण वाचले. ती बाई जन्मसालावरून हॅर्टाच्याच वयाची निघाली.

बेडेकरांनी जे लिहिले ते कल्पनेच्या भरारीत नव्हते. त्या वर्षांत इटलीच्या बंदरांतून निघणाऱ्या बोटी सुएझमार्गे मुंबईला येत आणि पुढे कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग करत शांघायला जात. बहुतेक देशांनी दारे लावून घेतली होती. शांघायला उतरण्यासाठी मात्र त्या सुमारास व्हिसा लागत नसे, म्हणून हजारो ज्यू त्या दिशेने निघाले. मुंबई ही त्यांच्या वाटेवरची एक थांबण्याची जागा होती, उतरण्याची नव्हे. चक्रधरला मुंबईत उतरता येते आणि हॅर्टाला येत नाही, हे कळले की प्रेमकथेखालची जमीन दिसू लागते. हॅर्टा आपल्याला पुरेशी भेटत नाही ही तुमची तक्रार मात्र मला शंभर टक्के मान्य आहे. त्या कादंबरीवर प्रेम करूनही मान्य आहे.

'परिपूर्ती'विषयी. इरावतीबाई १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला मानववंशशास्त्र शिकायला आल्या आणि ऑइगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. केली. हे फिशर वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धांताचे पुरस्कर्ते होते, आणि कवटीच्या ठेवणीवरून श्रेष्ठ-कनिष्ठ ठरत नाही असा निष्कर्ष या विद्यार्थिनीने त्यांच्यापुढेच मांडला. एवढे ज्यांनी केले त्यांना स्वतःची ओळख विद्वत्तेवरून करून देता आली नसती असे नाही. मला त्या लेखात दिसते ते असे: समारंभातल्या तीनही ओळखी मोठ्यांच्या मोठेपणावरून दिलेल्या आहेत. रस्त्यातल्या पोराला त्यातले काही ठाऊक नाही. त्याच्या लेखी जगातला महत्त्वाचा माणूस म्हणजे वर्गातला कर्वे. मोठेपणाची सगळी उतरंड त्या एका वाक्यात कोसळते, आणि बाईंना त्याचा आनंद झाला असावा. तुमचा प्रश्न यामुळे मिटतो असे मी म्हणत नाही.

कृष्णाकाठ यांचे उत्तर

'ऋतुचक्र' आठवड्यात संपवले हे वाचून वाईट वाटले. ते पुस्तक बारा महिने पुरवायचे असते. दुर्गाबाईंनी महिन्यागणिक लिहिले आहे, तर महिन्यागणिक वाचावे: चैत्राचे प्रकरण चैत्रात, कडुलिंबाला मोहर आलेला असताना, वैशाखाचे बहावा फुललेला असताना. माघात वाचले की बाहेर जाऊन आंब्याचा मोहर हुंगता येतो आणि फाल्गुनात सावरीची लाल फुले खरोखर तशीच पडतात का हे पडताळून पाहता येते. मी तीन वर्षे असे करतो आहे. गेल्या वर्षी भाद्रपदाचे प्रकरण घेऊन मी गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत गेलो होतो, आणि दोन पाने वाचून झाल्यावर पुस्तक बाजूला ठेवून तासभर नुसते गवत बघत बसलो.

तुम्हाला लेख अधिक रुचतात असे दिसते, म्हणून श्रीनिवास विनायक कुलकर्णी यांचे 'डोह' सुचवतो. १९६५ चे पुस्तक आहे आणि आकाराने लहान आहे. कृष्णाकाठच्या लहान मुलाला जग जसे दिसते तसे लिहिलेले आहे, आणि मोठ्या माणसाचे शहाणपण त्या मुलाच्या तोंडी कुठेही घातलेले नाही. 'सुसरींचे दिवस' हा लेख आधी वाचा. आमच्या भागात नदीच्या मळीवर ऊन खात पडलेली मगर आजही दिसते, त्यामुळे त्यातली भीती मला नवीन नव्हती. पण त्या भीतीची ओढही वाटते, हे मला त्या लेखाने सांगितले.

सायंवाचक यांचे पुन्हा लेखन

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. उत्तर द्यायला महिना लागला, कारण आधी वाचायचे होते.

वऱ्हाडपांढरी, आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर अकोल्याच्या एक वहिनी राहतात. मी 'धग' पुन्हा आणली आणि त्यांच्याकडे गेले. त्यांनी पहिली पंचवीस-तीस पाने मोठ्याने वाचून दाखवली. मध्ये चहा झाला, त्यांची सूनही येऊन बसली. मला जे कळले ते असे: 'काहून' हा शब्द मी आतापर्यंत जाब विचारल्यासारखा वाचत होते. वहिनींच्या तोंडी त्यात काळजी होती. म्हणजे कौतिकच्या घरातली कितीतरी बोलणी मी भांडणे म्हणून वाचली होती आणि ती भांडणे नव्हतीच. शेवटचा भाग मला अजूनही फार जड वाटतो, पण 'एकच खिळा' हे शब्द मी मागे घेते.

देवघेव खिडकी, आपण बरोबर ओळखले. अजिंठ्याची पाने मी वरवर चाळली होती. या वेळी ती एका रविवारी सकाळी, डोके ताजे असताना वाचली. बहिणीचा शोक करायला हा मुलगा घरी न बसता लेण्यांत का जातो हे पहिल्यांदा मला समजले नव्हते. आता वाटते की ज्याला घरात रडता आले नाही त्याला दगडातल्या शांत चेहऱ्यांपुढेच उभे राहता आले असेल. वसतिगृहाचा भाग मात्र मला दुसऱ्यांदाही लांबला आहे असेच वाटले, आणि हे मत मी बदलत नाही.

एल्बेकाठ, त्या सात पितळी चौकोनांविषयी वाचल्यापासून 'रणांगण' माझ्या मनात पूर्वीपेक्षा वेगळ्या जागी जाऊन बसले आहे. 'परिपूर्ती'बाबत तुमचे स्पष्टीकरण सुंदर आहे. उतरंड कोसळते हे मलाही दिसले. तरी त्या पोराला उद्या कोणी सांगितले असते की या बाईंनी बर्लिनमध्ये आपल्या गुरूच्या सिद्धांताविरुद्ध निष्कर्ष मांडला, तर ती ओळख ऐकायला मला अधिक आवडले असते. या बाबतीत माझे आणि इरावतीबाईंचे भांडण चालूच राहील, आणि 'वाटचाल' मी दर आषाढात वाचीन.

केळीचा घड, 'हिंदू' पुन्हा आणली आहे, मुदत वाढवून घेतली आहे, आणि जिथे सोडली होती तिथून साठ पाने पुढे गेले आहे. ओट्यावर अजून पुरती स्थिरावलेली नाही, पण या खेपेस उठलेलीही नाही. नावांचा गोंधळ होतो म्हणून एका कागदावर घराण्याची माणसे लिहून ठेवते आणि तो कागद पुस्तकातच ठेवते. ग्रंथालयाला परत करताना तो काढायला विसरले, तर पुढच्या वाचकाला उपयोगी पडेल.

कृष्णाकाठ, 'डोह' आमच्या ग्रंथालयात सध्या कोणाकडे तरी गेलेले आहे, मी नाव नोंदवले आहे. 'ऋतुचक्र'ची मात्र स्वतःची प्रत विकत घेतली. सध्या मार्गशीर्ष चालू आहे, म्हणून तेवढेच प्रकरण काल सकाळी गच्चीत वाचले आणि पुस्तक कपाटात ठेवून दिले. पौष लागला की पुन्हा काढीन.